किल्ली कोणाकडे?

आमच्या देवगडकडच्या वाडीच्या ग्रुपवर गुरुजींनी परवा एक बातमी टाकली. कुठल्याशा शहरात एक म्हातारे गृहस्थ फ्लॅटमध्ये वारले आणि शेजाऱ्यांना कळलं ते चार दिवसांनी, वासावरून. खाली गुरुजींची टीप: ‘शहरात दारां असतत, शेजार नसता. पोरांनू, परत येवा.’ त्यावर पंधरा अंगठे. त्यातले अकरा विरार-डोंबिवलीत राहणाऱ्यांचे होते, ते सोडा.

मी तेव्हा न्यूयॉर्कच्या लोकलमध्ये, सात नंबरच्या गाडीत लोंबकळत होतो. डोकंच फिरलं.

इथल्या जॅक्सन हाइट्स भागात येऊन मला एकोणीस वर्षं झाली. रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर दोन माणसं बोलत असली आणि डोक्यावरच्या पुलावरून गाडी आली, की दोघं तोंड मिटून एकमेकांकडे बघत थांबतात आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू. अनोळखी माणसंसुद्धा. एकदा लाँड्रीत कपडे टाकून मी घरी आलो आणि चक्क झोपलो. धावत परत गेलो तर दुसऱ्या मजल्यावरच्या कोलंबियन बाईंनी मशीनमध्ये स्वतःची क्वार्टरची नाणी घालून ते वाळवले होते, घड्याही घातल्या होत्या. माझ्या बनियनची घडी आईनंतर त्यांनीच घातली असेल. मला स्पॅनिश येत नाही, त्यांना इंग्रजी जेमतेम. जानेवारीत बॉयलर बंद पडला, मालक फोन उचलेना, तेव्हा त्या, वरचं नेपाळी कुटुंब आणि मी, पाळ्या लावून ३११ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरला, फोन करत होतो. थंडीत दिवसा घरात ६८ अंश फॅरनहाइट ठेवायचे असा कायदा आहे. आमच्याकडे ५४ होते. तिसऱ्या दिवशी रेडिएटर खडखडला तेव्हा जिन्यात टाळ्या पडल्या. गुरुजी, याला काय म्हणायचं?

आणि गावातला शेजार तरी कोणी निवडलेला होता? कोण कोणाशेजारी राहणार हे आमच्याकडे जातीने ठरलं. वाड्यांची नावंच वाचा. आमच्या विहिरीवर कोण येत होतं आणि कोण लांब उभं राहत होतं, हे गुरुजींनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. (मी राहतो तो भागही १९१०-२०च्या दशकांत बागांच्या इमारती बांधून वसवला, तेव्हा ज्यू आणि कृष्णवर्णीयांना तिथे घर मिळत नव्हतं. हे मी ग्रुपवर लिहिणार नाही, मुद्दा ढिला पडतो.)

खरं तर मुंबईतला शेजार कोकणी माणसानेच घडवला. गिरणगावात एकेका गावाची खोली असायची, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा. बाबा तसेच आले. पुढे नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत आम्ही सहाजण, शिवाय गावाहून नोकरी शोधायला आलेला एखादा चुलत-मावसभाऊ कायमचा. त्या चाळी पाडून आता ५०० फुटांचे फ्लॅट देतायत, तर गुरुजींना त्याचंही दुःख. शेजारधर्म संपला म्हणे. मजल्याच्या सामाईक संडासापुढे डबा घेऊन उभं राहिलेल्या माझ्या बहिणीला विचारा म्हणावं.

हे सगळं मी गाडीतच टाइप केलं. जंक्शन बुलेव्हार्ड येईपर्यंत चांगलं लांबलचक झालं होतं. पाठवलं मात्र नाही.

कारण २०२०चा एप्रिल. एल्महर्स्ट हॉस्पिटल आमच्यापासून चालत पोचण्याएवढं, रात्रभर सायरन. एका सकाळी खाली आलो तर सुपर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, टपालपेटीवरची नावाची एक पट्टी नखाने खरवडून काढत होता. फ्लॅट ४बी. नऊ वर्षं मी त्या माणसाला लिफ्टमध्ये मान हलवत आलो होतो. त्याचं नाव मी वाचलं ते अर्धं सोललेलं असताना. पहिली तीन अक्षरं निघून गेली होती. सुपरला विचारलं, तर तो म्हणाला, जाऊन आठवडा झाला. मधल्या आठवड्यात मी रोज त्या दारावरून गेलो होतो. गुरुजींच्या बातमीत आणि माझ्यात फरक काय, तर आमच्याकडे वास आला नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात धाकटा भाऊ परळहून गावी गेला. तिठ्यावर फांद्या आडव्या टाकून रस्ता बंद. टाकणारे आमचेच भाऊबंद. त्याला चौदा दिवस शाळेत ठेवलं. आणि त्या शाळेच्या गेटवर रोज सकाळी पेजेचा टोप आणि फणसाची भाजी ठेवून, लांब उभं राहून ‘जेवलंस काय रे?’ असं ओरडून विचारणारे कोण, तर गुरुजी. मी भावाला व्हिडिओ कॉल करत होतो. पेज व्हिडिओवरून जात नाही.

गावी गेलो की गडग्यापाशीच प्रश्न येतो, ‘कधी इलंस? कधी जातलंस?’ दोन्ही एका दमात. पूर्वी राग यायचा. हल्ली तारीख पाठ करूनच जातो.

माझ्या इथल्या घराची जादा किल्ली कोलंबियन बाईंकडे असते. गावच्या घराची गुरुजींकडे. दर सोमवारी ते दार उघडून केर काढतात, देवापुढे दिवा लावतात, आणि तेवढं करून ग्रुपवर मला टोमणे मारतात.

काल रात्री त्यांचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. फोटोत आमची पडवी, जमिनीवर कौलांचे तुकडे. ‘वानरांनी धा-बारा नळे फोडल्यानी. पावसाआधी शाकारूक होये. आता शिडयेर चढणारो माणूस वाडीत गावत नाय. काय करूया?’

मी विरारच्या दोघांना फोन लावून पाहिलाय.