बागेने व्हर्जिनिया वुल्फ बऱ्या झाल्या नव्हत्या

‘थोर इंग्रजी लेखकांचे गुपित : बाग’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. वर्डस्वर्थला डॅफोडिल्सच्या फुलांची कविता स्वतःच्या बागेत तिथल्या तिथे सुचली, कीट्सचा क्षय बागेतल्या हवेने आटोक्यात आला, व्हर्जिनिया वुल्फ यांनी औषधे फेकून खुरपे हाती घेताच त्यांचे नैराश्य कायमचे पळाले आणि ‘द सीक्रेट गार्डन’ या कादंबरीतला पांगळा मुलगा बागेमुळे चालू लागला, असे चार दाखले देऊन ‘गोळ्या सोडा, माती धरा’ असा सल्ला त्यात दिला आहे. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या माझ्या भाचीला एका नातेवाइकाने तो मोठ्या आपुलकीने पाठवला; एरवी असल्या मजकुराकडे मी काणाडोळा केला असता.

वुल्फ दांपत्याने ससेक्समधील रॉडमेल गावचे मंक्स हाउस १९१९ मध्ये विकत घेतले. तिथली बाग प्रामुख्याने पती लेनर्ड यांनी फुलवली. तरीही दिवसभर वाफ्यांतले तण उपटल्याचे, नखांत माती भरल्याचे आणि हेच सुख असे वाटल्याचे व्हर्जिनियांनी १९२० च्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे, तेव्हा बागेने त्यांना आनंद दिला एवढे मान्य करणे भाग आहे. पण त्यांनी फेकली ती औषधे कोणती? लेनर्ड यांनी आत्मचरित्रात या आजाराची हकिगत सविस्तर सांगितली आहे. विश्रांती, भरपूर खाणे, दूध आणि झोपेचे औषध यांपलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. मनोविकारावर लिथियम या औषधाचा गुण १९४९ मध्ये दिसून आला आणि नैराश्यावरच्या गोळ्या त्यानंतर आल्या. त्याआधीच, २८ मार्च १९४१ रोजी, आजार पुन्हा उलटत असल्याचे पतीला लिहून ठेवून वुल्फ यांनी जीवन संपवले होते. बाग तेव्हाही दाराशीच होती आणि त्यांची रक्षाही लेनर्ड यांनी तिथेच पुरली. बरे होण्याचा दाखला म्हणून नेमके हेच नाव निवडणाऱ्याने निदान त्यांच्या मृत्यूची नोंद तरी वाचायची होती.

कीट्सने १८१९ च्या वसंतात हॅम्पस्टेडच्या बागेत आलुबुखाराच्या झाडाखाली बसून नाइटिंगेल पक्ष्यावरची कविता लिहिली, ही त्याचा मित्र ब्राउन याची आठवण आहे. क्षयाने तो फेब्रुवारी १८२१ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, रोममध्ये गेला. वर्डस्वर्थचे डॅफोडिल्स तर बागेतले नव्हतेच. ते १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तलावाच्या काठी दिसल्याचे बहीण डोरथीच्या रोजनिशीत आहे आणि कविता त्यानंतर बऱ्याच काळाने झाली.

राहिला पांगळा मुलगा. ‘द सीक्रेट गार्डन’च्या लेखिका फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांना केंटमधील मेथम हॉलच्या भिंतीआडच्या बागेने १९११ च्या या कादंबरीचे बीज दिले, हे खरे आहे. मात्र कादंबरीतला कॉलिन मुळात पांगळा नाहीच. लंडनहून आलेल्या एका मोठ्या डॉक्टरने, बाग उघडण्याच्या कितीतरी आधी, त्याच्या पाठीचा लोखंडी पट्टा काढायला लावून त्याला मोकळ्या हवेत ठेवण्यास सांगितलेले असते आणि घरच्यांनी ते मनावर घेतलेले नसते.