ऑफिसात नवीन सिस्टिम आलीय? घाबरू नका, असं वागा

ट्रेनिंगला बोलावलंय म्हणून पोटात गोळा आलाय? अजिबात टेन्शन घ्यायचं नाही. आपल्या आधीच्या अनुभवी मंडळींनी वाटा पाडून ठेवल्यात, आपण फक्त चालायचं.

ट्रेनिंगला जरूर जा. नाश्ता असतो.

'सर्व्हर डाऊन आहे' एवढं पाठ करा, बाकी काही शिकला नाहीत तरी रिटायर होईपर्यंत पुरेल.

कंडक्टर असाल तर मशीनवर क्यूआर येतो हे प्रवाशाला कळू देऊ नका. त्याने विचारलंच तर 'रेंज नाही, सुट्टे द्या'. (घाटात नसते हो रेंज, मान्य, पण गाडी अजून स्टँडातच उभी आहे ना भाऊ!)

डॉक्टर असाल तर मोबाइलवर आलेला लॅबचा रिपोर्ट बघायचा नाही. पेशंटला प्रिंट काढायला खाली पाठवा आणि तो लिफ्टची वाट बघत असेल तेवढ्यात आपला मोबाइल काढून स्टेटस बघून घ्या.

शिक्षण खात्यात असाल तर माहिती आधी पोर्टलवर भरून घ्या, मग तीच एक्सेलमध्ये मागवा, मग तीच हार्ड कॉपी, दोन प्रतीत, आजच, तात्काळ.

आणि बँकेत पीककर्जाच्या टेबलावर असाल तर विषयच संपला. शेतकरी डिजिटल सहीचा सातबारा घेऊन येईल, घरबसल्या 15 रुपये भरून काढलेला. तो दोन बोटांत धरा, उलटा करून बघा आणि म्हणा, 'यावर तलाठ्याचा शिक्का कुठंय?' तो म्हणेल, साहेब, सही-शिक्का लागत नाही असं त्यावरच छापलंय, नंबर टाकून साइटवर तपासता येतो. तुम्ही म्हणा, 'आमच्याकडे चालत नाही.' माझ्याशी अगदी असंच झालं गेल्या आठवड्यात, मी डिजिटल सहीला मान्यता देणारा 2000 सालचा आयटी कायदा सांगितला तर 'वरून ऑर्डर नाही' म्हणे, म्हणजे कायदा होऊन पाव शतक झालं तरी तो यांच्या टेबलापर्यंत पोचलेला नाही, आता मी गावी जायचं, तलाठी (ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आता) सज्जात सापडायची वाट बघायची, त्याने तोच उतारा त्याच सिस्टिममधून काढायचा आणि वर गोल शिक्का मारायचा, की झाला पवित्र! आणि हे सगळं मला ऐकवता ऐकवता या साहेबांनी चहावाल्याचा क्यूआर एका सेकंदात स्कॅन करून पैसे दिले.

म्हणजे येतं सगळं.

2021 मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले तेव्हा 'यांना टेक्नॉलॉजी नको' म्हणणारे तुमच्यासारखेच लोक होते. फोन हँग होत होते, अॅप इंग्रजीत होतं, माहिती भरायची कशी? त्यांनी तक्रार केली ती काम नीट करता यावं म्हणून. त्याच ताया आज पोषण ट्रॅकर अॅपमध्ये पोरांची वजनं-उंच्या भरतात, लाभार्थ्यांचे चेहरे स्कॅन करतात, तेही पगार नाही, मानधनावर. आणि तुम्हाला एसीत बसून एक नंबर तपासायचा जीवावर येतं.

कॉम्प्युटरशी तुमचं काही वैर नाही, उगाच सांगू नका. काम एका फेरीत झालं तर समोरचा 'साहेब साहेब' करत उभा राहणार नाही, पोटदुखी ती आहे. लाज वाटू द्या जरा. तुमच्या एका शिक्क्यापायी माणसाची अख्खी मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं ते वेगळंच. काढा तो खिशातला फोन आणि तपासा उतारा.