थंड चालणाऱ्या इंजिनाच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

इंजिन कायम थंडच चालत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल, उघडा अडकलाय किंवा काढलाय का ते तपासा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर 'गाडीप्रेमी' नावाने एका भाऊंची प्रतिक्रिया आली. खालीच उत्तर देणार होतो, पण दोन ओळींत मावेना म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "काका, इंजिन थंड चालतंय तर आनंद माना. थर्मोस्टॅट बर्फ पडणाऱ्या देशांसाठी असतो, इंदूरच्या उन्हात त्याचं काय काम? माझ्या मिस्त्रीने दोन गाड्यांचा काढून टाकला, काही झालं नाही. उगाच कोडबिड दाखवून लोकांना घाबरवू नका, स्कॅनर विकायचेत का? आणि एवढं लांबलचक लिहिलंत, एक फोटो तरी टाकायचा."

फोटोचं मान्य. रेडिएटरच्या वरच्या पाइपचा एक फोटो असता तर नवीन माणसाला लवकर कळलं असतं. टाकतो.

पण "स्कॅनर विकायचेत का" हे काय आहे भाऊ? (स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारं यंत्र.) या ब्लॉगवर आजपर्यंत एक जाहिरात नाही, कुठल्या दुकानाचं नाव नाही. तुम्हाला माझं पटलं नाही तर तसं म्हणा, कुठे चुकतोय ते दाखवा, मी वाचेन. हेतूवर बोट ठेवायचं तर हातात काहीतरी पुरावा लागतो, तो तुमच्याकडे नाही. आणि "घाबरवू नका" म्हणजे काय? गाडी रोज जास्त पेट्रोल पितेय, ऑइल खराब होतंय, आणि मालकाला पत्ताच नाही, हे त्याला सांगणं म्हणजे घाबरवणं असेल तर मी पुन्हा पुन्हा सांगणार. हे वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता ते बर्फाच्या देशांचं. हे वाक्य मी इंदूरच्या प्रत्येक दुसऱ्या गॅरेजात ऐकलंय म्हणून त्यावर नीट बोलतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ला जातो, बरोबर. पण इंजिनातल्या कूलंटला, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याला, लागतात साधारण ८५ ते ९५ डिग्री. म्हणजे आपल्याला भाजून काढणारी ती दुपारसुद्धा इंजिनाच्या हिशेबाने थंडच झाली ना? आणि रेडिएटर केवढा बनवतात? मेच्या दुपारी, गाडीत पाच माणसं, एसी चालू, मानपूरचा घाट चढताना इंजिन तापू नये एवढा. तोच रेडिएटर जानेवारीच्या सकाळी बायपासवर निवांत ६०ने चालणाऱ्या गाडीलाही लावलेला असतो, आणि मध्ये अडवणारं काही नसेल तर तो इतकी उष्णता ओढून घेतो की कूलंट साठीच्या घरात रेंगाळत राहतं. हे अडवायचं काम थर्मोस्टॅटचं, आपले मिस्त्री ज्याला वॉल म्हणतात त्याचं. त्यात मेण भरलेली एक डबी असते, ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगतं, पिन ढकलतं, वॉल उघडतो. ते तापमान वॉलवरच कोरलेलं असतं, कुठे ८२, कुठे ८८. बाहेर बर्फ आहे की लू चाललीय याच्याशी त्या मेणाला काही देणंघेणं नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे जी कोणी सांगत नाही. बऱ्याच इंजिनांत वॉल उघडताना दुसऱ्या बाजूने बायपासचा, म्हणजे रेडिएटरला टाळून पाणी परत इंजिनात नेणारा, रस्ता बंद करतो, म्हणजे सगळं गरम पाणी रेडिएटरकडे जावं. वॉलच काढून टाकला की बायपास कायमचा उघडा. त्यातलं बरंच पाणी रेडिएटरला न शिवता परत इंजिनात फिरतं, आणि मग ज्या उन्हाळ्याच्या नावाने वॉल काढला त्याच उन्हाळ्यात, त्याच घाटात गाडी तापते. थंडीत कोमट, उन्हाळ्यात उकळती. मग हेड गॅस्केटचं बिल येतं तेव्हा वॉल आठवत नाही कुणाला.

ही सवय आली कुठून तेही मला ठाऊक आहे. जुन्या गाड्यांत लोक कूलंट टाकत नसत, नळाचं नाहीतर बोरिंगचं खारं पाणी टाकत, त्याने आत गंज आणि क्षार जमायचे, वॉल बंद अवस्थेत अडकायचा आणि गाडी उकळायची. काढून टाकला की त्या दिवसापुरतं काम भागायचं. तेव्हाच्या कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक मारून चालवता येत होतं, नुकसान डोळ्याला दिसत नव्हतं. आजच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बसलाय. तो कूलंटचा सेन्सर बघतो, इंजिन थंड दिसलं की पेट्रोल वाढवतो, आणि ते कायमच थंड दिसत राहिलं तर कायमच वाढवत राहतो. एव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पुरेसं तापत नाही म्हणून त्यातली वाफही उडत नाही. अशा गाडीचं ऑइल टाकायचं झाकण उघडून आतून बघा, चहावरच्या सायीसारखा पिवळट थर बोटाला लागतो. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या चांगल्या गाडीतही थंडीत थोडा दिसतो, पण इथे तो लांब प्रवासानंतरही जात नाही.

तुम्ही म्हणाल काका पुस्तकातलं बोलताहेत. भाऊ, मी पीथमपुरात इंजिन टेस्टिंगमध्ये नोकरी करून रिटायर झालोय. तिथे कूलंट आणि ऑइल ठरलेल्या तापमानाला स्थिर झाल्याशिवाय एकही रीडिंग लिहायचं नाही हा नियम होता, कारण थंड इंजिनाचा प्रत्येक आकडा वेगळा येतो. आणि घरचंही सांगतो. माझ्या मेहुण्याची बीएस ६ डिझेल, सर्व्हिसला दिली तर एका गॅरेजवाल्याने न विचारता वॉल काढला. पुढच्या थंडीत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागायला लागला. इंजिन पुरेसं गरम झालं नाही तर ईसीयू डीपीएफमधली काजळी जाळायला सुरुवातच करत नाही, किंवा अर्ध्यात सोडतो. डिपस्टिक काढून दाखवली तर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे चढलेलं आणि डिझेलचा वास. ऑइल कधी आपोआप वाढतं का? मेहुणा रडकुंडीला आला होता. मूळ रोग एका छोट्याशा वॉलचा, आणि तुम्ही म्हणता आनंद माना.

तुमच्या मिस्त्रीच्या दोन गाड्यांबद्दल एवढंच, की "काही झालं नाही" कशावरून? काट्यावरून म्हणत असाल तर बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो, आत पंधरा-वीस डिग्री इकडची तिकडे झाली तरी हलत नाही. कित्येक नव्या छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, इंजिन थंड असताना लागणारा नुसता निळा दिवा. इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचत नाही असं सांगणाऱ्या कोडबद्दल लेखात लिहिलंय, पी०१२८, परत लिहीत नाही.

आणि स्कॅनर न घेताही तपासता येतं, तेही लेखात होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करा, बॉनेट उघडा, पंख्यापासून हात लांब ठेवून रेडिएटरचा वरचा पाइप चाचपा. वॉल चांगला असेल तर पाइप बराच वेळ गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडा अडकलाय नाहीतर काढलेला आहे. पंखा सुरुवातीपासून फिरत असेल तर रिले किंवा सेन्सरची वायर बघा, पण एक लक्षात ठेवा, वॉल ठीक असेल तर नुसता पंखा इंजिनाला फार थंड करू शकत नाही. स्कॅनर कुणाकडून मागून आणलात तर सकाळी गाडी चालू करायच्या आधी कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी बघा, दोन्ही जवळपास सारखं पाहिजे. कूलंट फारच खाली दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, उणे ४० आलं तर वायर तुटलीय किंवा कनेक्टर निघालाय, वॉलला हात लावू नका. कूलंटची पातळीही बघा, सेन्सर उघडा पडला तर तोही कमी दाखवतो. हे सगळं बघून मग पार्ट बदला. वॉल फार महाग नसतो, पण घेताना जुन्यावरचा आकडा बघून तोच घ्या आणि वॉलची रबरी रिंग नवीन टाका.

तर भाऊ, भांडण नको. त्या दोन्हींपैकी एक गाडी एखाद्या थंडीच्या सकाळी देवासपर्यंत न्या, एबी रोडने, हीटर बंद, आणि पोचताना कूलंटचं रीडिंग बघून इथे टाका. ८५च्या वर स्थिर राहिलं तर तसं मी लेखात तुमच्या नावाने लिहीन. साठ-सत्तर आलं तर मिस्त्रीला विचारा, काढलेला वॉल कुठे ठेवलाय.