सोनेरी टोप, दहाला दोन

रविवारी डोंबिवली ते कुर्ला हा प्रवास मी लेडीज डब्यात एका फेरीवालीचा स्टँड म्हणून केला. तिकीट मात्र मीच काढलं होतं.

वांद्र्याला कॉस्प्लेची, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करायची, स्पर्धा होती आणि मी होणार होते ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी कॉमिकमधला गोकू, तोही सुपर सायन या जास्त ताकदीच्या रूपातला. म्हणजे केस सोनेरी आणि सगळे आभाळाकडे. धाग्याचा विग मुंबईच्या दमट हवेत ठाण्यापर्यंतच मान टाकतो, म्हणून फोमचा टोप करायचा ठरवला. बुटाच्या तळव्यात घालतात तोच इव्हा फोम. चपलांच्या मालासाठी ठक्कर बाप्पा कॉलनी गाठली. दुकानदार म्हणाला, “सोल कितव्या नंबरचा?” मी म्हटलं, “डोक्याला हवाय.” त्याने मान वर न करता शीट कापून दिली. असा माणूस पुन्हा भेटला नाही.

या टोपाचं खरं पाप ‘ड्रॅगन बॉल’ काढणाऱ्या अकिरा तोरियामाचं. गोकूचे काळे केस शाईने भरण्यात त्याच्या असिस्टंटचा फार वेळ जायचा, म्हणून सुपर सायन झाल्यावर केस कोरेच सोडले, असं त्यानेच सांगितलंय. कागदावर कोरे, रंगात सोनेरी. त्या असिस्टंटची वाचलेली मेहनत मी डोंबिवलीत बसून भरून काढली. डोक्याला क्लिंग फिल्म गुंडाळा, वर चिकटपट्टी, त्यावर मार्करने रेघा, मग सगळं सोलून काढा की झाला नमुना. पाच मिलिमीटरच्या फोममधून पाकळ्या कापायच्या, कडा तिरक्याच, नाहीतर जोड दात विचकतो. चपलांचं सोल्युशन दोन्ही कडांना लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, आणि मग एकदा टेकवलं की विषय संपला. सरकवायची सोय नाही. हीट गनने तापवून पीळ द्यायचा आणि गार होईपर्यंत धरून बसायचं. सोल्युशनच्या वासाने शेजारच्या काकू येऊन आमचा गॅस बंद करून गेल्या. वर कुकर होता.

तर लोकल. टोप पिशवीत मावेना, हातात धरला तर चेंगरणार, म्हणून डोक्यावरच घातला. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसरा वरच्या कडीला. दिव्याला क्लिपावाल्या मावशी चढल्या. मला खालून वर न्याहाळलं.

“नवीन दिसतेस. कितीला टाकतेस?”

“विकायचा नाहीये, मावशी.”

“मग डोक्यावर घालून कशाला दाखवतेस? ही माझी लाइन आहे हां.”

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “गॅदरिंगला भाड्याने देता का?” दुसरीने विचारलं, कुणाचे केस? म्हटलं, सुपर सायन. “सायनला अजून वेळ आहे, आत्ताशी मुंब्रा.”

एवढ्यात माझ्या डोक्यावर काहीतरी कचकन बसलं. मग आणखी एक. मावशींनी धंद्याची दिशा बदलली होती.

“बघा ताई, पकड बघा! एवढ्या जाड केसाला पण सुटत नाही. दहाला दोन!”

गर्दीत वळायला जागा नव्हती आणि दोन्ही हात अडकलेले. बायका माझ्या डोक्यावरून माल निवडायला लागल्या. “तो मागचा निळा काढा. नको, कानाजवळचा गुलाबी.” एकीने माझी हनुवटी धरून मान उजेडाकडे वळवली आणि मलाच विचारलं, “यात मोठी साइज आहे?” मी आहे म्हणाले. काय करणार! भांडुप येईपर्यंत मावशींचा अर्धा माल खपला होता.

“मावशी, खुणा पडतायत!”

“खुणा पडल्या म्हणजे पकड चांगली,” त्या डब्याला उद्देशून म्हणाल्या. उतरताना एक फुलपाखरी क्लिप माझ्या ओढणीला लावली. “घे, तुझं कमिशन.”

कोऱ्या फोमवरचा खळगा हीट गनने वर येतो, पण रंगवल्यावर तीच गन मारली की रंग फुगतो. म्हणजे काहीच करता येत नव्हतं. त्यात खिडकीतल्या बाई विचारतात, “किती मिळतात याचे?” काही नाही म्हटल्यावर त्यांनी मला बसायला जागा दिली, आजारी माणसाला देतात तशी. दर रविवारी मैदानात ऊन खाणाऱ्या, पोट सुटलेल्या क्रिकेटपटूंना कुणी विचारतं का, किती मिळतात? त्यांचा तो छंद. आमचं मात्र “लग्न झालं की सुटेल हे.”

स्पर्धेत परीक्षकांनी टोप हातात घेऊन फिरवला. मागे उमटलेल्या क्लिपांच्या दातांच्या खुणांपाशी थांबले. “वा! लढाईच्या खुणा काय सुंदर केल्यात. हे वेदरिंग कशाने केलंत?”

तिरक्या कडांच्या जोडांबद्दल चकार शब्द नाही.

“क्लिपांनी,” मी म्हटलं. “दहाला दोन मिळतात.”

त्यांनी ते लिहून घेतलं.