खिद्रापूरला दोन तास पुरतात का?

कोल्हापुरात आमच्या कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं ते दाद्याच्या बेतावरून. बेत असा: सकाळी निवांत निघायचं, नरसोबाच्या वाडीला दर्शन, मग खिद्रापूरला दोन तास, अंधार पडायच्या आत रंकाळ्यावर परत. ते "दोन तास" शिरोळकराला झोंबले.

"दोन तासांत तू खांब मोजशील फक्त," तो म्हणाला. "स्वर्गमंडपाचेच अठ्ठेचाळीस हाईत."

"आणि वरनं चंद्र दिसतोय, माहित्याय मला. त्रिपुरीला जाऊया की मग, रात्रीचं!" दाद्या म्हणाला.

इथून पुढचा अर्धा तास चंद्रावर गेला.

ज्यांनी खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: देवळाच्या पुढच्या भागात गोल मंडप आहे, तोच स्वर्गमंडप, त्याच्या छताला मधोमध सुमारे तेरा फूट व्यासाचं उघडं वर्तुळ आहे आणि बरोबर खाली जमिनीवर तशीच गोल शिळा आहे. कार्तिकातल्या त्रिपुरारी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र त्या झरोक्याच्या नेमका वर येतो असं सगळे सांगतात, आणि त्या रात्री तिथं पाय ठेवायला जागा नसते.

"दरवर्षी नेमका येत नाही," मास्तरांनी पहिला धोंडा टाकला. त्यांचं गणित सरळ आहे. खिद्रापूर साडेसोळा-पावणेसतरा अक्षांशाच्या पट्ट्यात. त्रिपुरी येते तेव्हा सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला पंधरा ते एकवीस अंशांवर असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे साधारण तेवढाच उत्तरेला. म्हणून तो या पट्ट्यात डोक्यावर येतो. पण चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे, ते पाच कधी मिळवायचे, कधी वजा करायचे. त्यामुळे एखाद्या वर्षी तो थेट माथ्यावरून जातो, एखाद्या वर्षी आठ-नऊ अंश बाजूनं.

"नऊ अंशानं काय फरक पडतोय?"

"छताच्या दर दहा फूट उंचीमागे उजेडाचं वर्तुळ दीड फूट सरकतं. शिळेवर चांदणं पडेलच, पण काठाला काठ जुळेल असं नाही. आणि बाराच्या ठोक्याला माना वर करू नका. आपण प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला आहोत, नोव्हेंबरातली खरी मध्यरात्र घड्याळात सव्वाबाराच्या आसपास होते. त्यात पौर्णिमा किती वाजता पुरी होते त्यावर पंधरा-वीस मिनिटं इकडं तिकडं. अर्ध्या तासात उजेड दहा फुटांमागे सव्वा फूट पूर्वेला जातो, म्हणजे आधी जाऊन जागा धरायची आणि नंतर थांबायचंही."

आप्पा तोवर गप्प होते. त्यांचा प्रश्न वेगळाच. "ते छत मुद्दाम उघडं ठेवलंय, का काम अर्धं राहिलंय?"

यावर एकमत होणं शक्यच नव्हतं. एक मत असं की देऊळ पुरं झालंच नाही. शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात, हे काम झालं. पुढे शिलाहारांचं राज्य यादवांनी घेतलं आणि सिंघण यादवाचा शके ११३६ चा, म्हणजे इ. स. १२१३-१४ चा दानलेख देवळाच्या दक्षिण बाजूला आहे. राज्यं बदलताना बांधकाम थांबतं, हे पटण्यासारखं आहे. मास्तर दुसऱ्या बाजूचे. त्यांच्या मते खालची गोल शिळा आणि वरचं वर्तुळ एकमेकांच्या मापाचं निघणं हा अपघात नाही. शिवाय छताच्या आतल्या कडेला दिक्पाल आपापल्या वाहनांसकट कोरलेत, इतकी निगुतीची कड कोण अर्ध्यावर सोडेल?

आप्पांनी आयुष्यभर बांधकामं केलेली. ते म्हणाले, "दगड एकावर एक पुढं सरकवत घेतलेलं छत आसलं की प्रत्येक गोल थर स्वतःच एक कडं आसतोय. दगड एकमेकाला दाबून धरत्यात. कुठल्याबी थराला थांबलास तरी ते पडत न्हाई. म्हणजे ‘उघडं ठेवून टिकलंय, तवा मुद्दामच केलंय’ असं म्हणता येत न्हाई, आन अर्धं सोडलं आसतं तर पडलं आसतं, असंबी न्हाई."

दोन्ही बाजू गप्प. माझ्या मते आप्पांचाच मुद्दा त्या दिवशीचा सगळ्यात पक्का होता.

शिलालेखांवरून मास्तरांनी एक कामाची गोष्ट सांगितली. सिंघणाचा तो लेख संस्कृत, देवनागरी लिपीतला. बाकीचे जुन्या कन्नडमध्ये. सरळ उजेडात झिजलेली अक्षरं दिसत नाहीत. बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून आडवी धरायची, म्हणजे खाचेत सावली पडते आणि अक्षर उठतं. खडू, पीठ, पाणी काहीही लावायचं नाही, बोटही फिरवायचं नाही. हेच पायाच्या गजपट्टाला लागू. तिथं हत्तींची रांग आहे, बऱ्याच सोंडा फुटलेल्या. ती कोवळ्या तिरप्या उन्हात बघायची. दुपारी बाराला काळा दगड नुसता काळाच दिसतो आणि मंडपात झरोक्याचा उजेड इतका भगभगीत असतो की फोटोत एकतर उजेड जळतो नाहीतर खांब बुडतात.

"झालं की मग दोन तासात," दाद्या.

"देऊळ झालं. गाव?" शिरोळकर आता पुरता पेटला होता. त्याचं म्हणणं, कृष्णा बघितल्याशिवाय हे देऊळ कळत नाही. गाभाऱ्यात दोन लिंगं: कोपेश्वर शिवाचं, धोपेश्वर विष्णूचं. दक्षाच्या यज्ञानंतर कोपलेल्या शंकराला विष्णूनं शांत केलं, ही कथा. पण समोर नंदी नाही. नंदी यडूरला, असं लोक सांगतात, आणि यडूर आज कर्नाटकात. तिथंच वीरभद्राचं देऊळ आहे, म्हणजे दक्षाच्या कथेचं दुसरं टोक. समोरच्या काठाचं जुगूळही कर्नाटकातलंच. राज्यांची ही रेघ १९५६ ची. कथा, कन्नड लेख आणि गावातलं आदिनाथाचं जैन मंदिर तिच्या कितीतरी आधीचं. मोबाइललाही ती रेघ नीट कळत नाही, नदीकाठी रेंज पलीकडची पकडतो.

मास्तरांनी इथं कोप्पमची लढाई काढली: १०५४ च्या सुमारास चोळ राजाधिराज जिथं हत्तीवर मारला गेला ते कोप्पम हेच, असं काही अभ्यासक मानतात, काही जण ते कर्नाटकात दुसरीकडं दाखवतात. तो वाद मिटवायला आमच्या कट्ट्याची ताकद नाही.

नदीचं मात्र शिरोळकराला तोंडपाठ. शिरोळ तालुक्यात कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा चारींचं पाणी येतं. दूधगंगा सोडून बाकीचं उतरतं कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून खाली. म्हणून पावसाळ्यात खिद्रापूरचा बेत करताना कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका. एकोणचाळीसकडं सरकली की बेत रद्द. आणि इथलं पाणी उतरलं म्हणून लगेच निघायचं नाही. खाली ते हळू ओसरतं, रस्त्यांवर गाळ राहतो. २००५, २०१९, २०२१ हे तालुक्याचे मोठे पूर. देवळातही पाणी शिरतं.

"काठावर उतरून पाय धुवायचं?" दाद्या.

"मगरी हाईत कृष्णेत. घाटावरनं बघ. टेहळायचं आसलं तर दुर्बीण घे. खंड्या, नदी सुरय, शराटी, पाणकावळा, थंडीत धोबी, सगळं सकाळी दहाच्या आत."

आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा ऊस बघताना मधेच खुरटा, पिवळा पट्टा आणि मातीवर पांढरी पापडी दिसली तर ती क्षारपड जमीन. काळी भारी माती, वर्षानुवर्षं भरपूर पाणी आणि निचरा नाही. खालचं पाणी वर चढतं, ऊन त्याची वाफ करतं, मीठ वर राहतं. नुसतं पाणी कमी करून ती सुधारत नाही. तीन-चार फूट खोल सच्छिद्र पाइप टाकून पाणी चरात काढावं लागतं, आणि चर गाळानं बुजला की पैसा वाया. निसर्ग बघायला निघालेल्यांनी हेही बघावं, असं शिरोळकर म्हणाला आणि दाद्यानंसुद्धा मान डोलावली.

शेवटी ठरलं ते असं. डिसेंबरातला साधा वार, त्रिपुरी नको. कोल्हापूरहून साठेक किलोमीटर, सहाला निघायचं, वाडीत न थांबता कुरुंदवाड, अकिवाट, सैनिक टाकळीच्या अंगानं थेट गाव गाठायचं. आधी घाट, मग गजपट्ट, मग मंडप, जेवण झाल्यावर आदिनाथ मंदिर. एसटीनं येणाऱ्यांनी कुरुंदवाडलाच परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवायची. आणि पाचच्या आत निघायचंच, कारण हंगामात त्या अरुंद रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या असतात, आणि अंधारात मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही.