रश्श्याच्या गावातलं ड्राय मंचुरियन

तांबडा-पांढरा वाटीवर वाटी ओरपणाऱ्या कोल्हापुरात चायनीजच्या गाडीपुढं उभं राहणं म्हणजे जिभेची परीक्षाच. मिसळीला कट वाढवून मागणारं आमचं तोंड इथंही सवयीनं बोलून जातं, "भावा, ग्रेव्ही जरा वाढीव!" आणि घात होतो. कारण या कढईचा खरा वैरी पाणी.

कोबीच घ्या. किसलेल्या कोबीला मीठ लागलं की तो पाझरतो. जाणता गाडीवाला मीठ लावून दहा मिनिटं थांबतो, कोबी घट्ट पिळतो आणि २ वाट्यांना साधारण ३ चमचे मैदा, २ चमचे कॉर्नफ्लोर एवढ्यावर भागवतो. घाईतला तसाच मळतो. पीठ सैल, म्हणून मैदा. परत सैल, परत मैदा. मग जो गोळा निघतो तो गोट्या खेळायला उत्तम. तेल फार कडक असेल तर वरून तपकिरी, आत कच्ची कणीक. म्हणून आधी मध्यम आचेवर तळून ठेवायचे आणि ऑर्डर आली की कडक तेलात दुसरा हात.

नूडल्स किंचित कच्च्या असतानाच उपसून गार पाण्याखाली धरायच्या, वर तेलाचा हात. भात गार आणि मोकळा हवा. गरम भात पळी लागताच खिचडी होतो. पण गार म्हणजे बर्फाच्या पेटीतला किंवा फ्रीजमधला. दुपारपासून टोपलीत घामेजलेला भात दिसला तर मी मुकाट्यानं नूडल्स मागतो. अशा भातात धरलेलं विष परतून जात नाही.

मोठी आच कशाला? तर भाजीला सुटलेलं पाणी सुटल्यासुटल्या उडावं म्हणून. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर एकाच कढईत सहा प्लेटा पडतात, कढई गार होते आणि कोबी परतायचा सोडून उकडतो. मंगळवारी जा.

शेजवानबद्दल काय बोलावं! नाव चीनच्या सिचुआन प्रांताचं, पण तिथली जीभ बधिर करणारी मिरी आमच्या चटणीत औषधालाही नसते. गंमत म्हणजे तिचं चुलत भावंड, तिरफळ, गगनबावड्याचा घाट उतरलं की कोकणात माशाच्या आमटीत पडतं. गाडीवर मात्र लाल मिरची, लसूण, तेल, व्हिनेगर आणि वर रंग. अजिनोमोटोही चिनी नव्हे. ती १९०८ सालच्या शोधातून आलेली जपानी पूड. "तिखट किती करू?" या प्रश्नाला "कमी" म्हणायची कोल्हापुरात सोय नाही, ते वेगळंच.

आता ती वाढीव ग्रेव्ही. प्लेटीला चमचाभर कॉर्नफ्लोर चार चमचे गार पाण्यात कालवून उकळीत सोडायचं आणि पारदर्शक होईपर्यंत हलवायचं. गरम पाण्यात कालवलं तर बाहेरून लगेच शिजून गुठळ्या होतात. आपण "वाढीव" म्हटलं की तो पाणी ओततो, चव पातळ होते, मग सॉस, मग पुन्हा कॉर्नफ्लोर. हातात येते ती पतंगाची खळ.

तीही टिकत नाही. तोंडातला चमचा पुन्हा पुन्हा प्लेटीत बुडतो, लाळेतला पाचकरस स्टार्च फोडतो आणि शेवटच्या दोन गोळ्यांभोवती नुसतं पाणी उरतं. आपण संशयानं गाडीवाल्याकडं बघतो. तो तोवर कढईत पाणी मारून पुढच्या प्लेटीला लागलेला असतो.