विसरण्याचे प्रशिक्षण

वकिलांना शिकवायला उभे राहणाऱ्या माणसाविषयी मला मनापासून सहानुभूती वाटते. ज्याचा चरितार्थच समोरच्याचे म्हणणे खोडून काढण्यावर चालतो, त्याला सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत एका खुर्चीवर बसवून 'आता तुम्ही फक्त ऐकायचे' असे सांगणे म्हणजे त्याच्या सनदेवरच घाला घालणे होय. तरीही दुसऱ्या शनिवारी न्यायालयाला सुट्टी असते हे हेरून आमच्या वकील संघाने नवीन फौजदारी कायद्यांवर एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवले, बार रूमच्या फळ्यावर तशी सूचना लावली आणि सूचनेच्या तळाशी 'उपस्थितांना प्रमाणपत्र देण्यात येईल' असे ठळक अक्षरांत लिहिले. भिंतीवर सनदेशेजारी टांगायला आणखी काहीतरी मिळेल या आशेने असो वा अन्य कारणाने असो, सभागृह भरले खरे.

वास्तविक आम्हाला यायला कोणी बांधलेले नव्हते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ हा आमच्या व्यवसायाचा मूळ कायदा. त्यात सनद मिळाल्यानंतर वर्षाकाठी अमुक इतके तास शिकलेच पाहिजे असे एकही कलम नाही. इंग्लंड आणि वेल्समधील सॉलिसिटरांना मात्र एके काळी दरवर्षी १६ तासांच्या प्रशिक्षणाचा हिशेब द्यावा लागत असे. १ नोव्हेंबर २०१६ पासून तेथील नियामकांनी तास मोजणेच बंद केले आणि आपण सक्षम आहोत की नाही हे ज्याचे त्याने तपासून दरवर्षी तसे जाहीर करावे, असे ठरवले. ही दुसरी पद्धत आपल्याकडे आणली तर ती एका दिवसात रुजेल, कारण स्वतःची सक्षमता जाहीर करण्यात आमच्यापैकी कोणी कधी मागे राहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आम्हाला तेथे ओढून आणले ते आकड्यांच्या भीतीने. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि भारतीय पुरावा अधिनियम हे तिन्ही कायदे एका मध्यरात्रीत पायउतार झाले आणि त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. दंड संहितेची कलमे ५११ होती, न्याय संहितेची ३५८ आहेत. प्रक्रियेची ४८४ होती, ती ५३१ झाली. पुराव्याची १६७ होती, ती १७० झाली. काही गुन्हे नव्याने आले, काही गेले, पण खून हा खूनच राहिला आणि चोरी ही चोरीच राहिली. बदलले ते त्यांचे क्रमांक, आणि फौजदारी वकिलाच्या डोक्यात कायदा राहतो तो क्रमांकांच्याच रूपाने. कलमाची नेमकी भाषा सांगायची तर आम्हाला पुस्तक उघडावे लागते. आकडा मात्र पाढ्यासारखा जिभेवर असतो. तो जिभेवरून पुसायचा कसा, हे शिकवण्यासाठी एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांना पाचारण करण्यात आले होते.

न्यायालयात बसायला जागा मिळावी म्हणून जे वकील पुढच्या रांगेसाठी एकमेकांना कोपरखळ्या मारतात, तेच प्रशिक्षणाला आले की मागच्या रांगा आधी भरतात. पुढच्या तीन रांगा रिकाम्या, मागे उभे राहायला जागा नाही, आणि संघाचे सचिव हात जोडून 'साहेब, पुढे या' अशी विनवणी करत आहेत, हे दृश्य बराच वेळ चालले. हजेरीपटाचा प्रसंग त्याहून रंगला. एक वकील दुसऱ्या न्यायालयात अडकला असेल तर त्याच्या वतीने मित्राने उभे राहून वेळ मागून घ्यायची, ही आमच्याकडची जुनी आणि पवित्र प्रथा आहे. एका ज्युनिअरने तीच प्रथा हजेरीपटावर चालवली आणि आपल्या सिनिअरच्या नावापुढे 'च्या वतीने' असे लिहून सही ठोकली. सचिवांनी त्याला विचारले, "वकीलपत्र आहे का?" तो म्हणाला, "पुढच्या तारखेला दाखल करतो."

प्रशिक्षकांनी सुरुवात केली ती पडद्यावर एक तक्ता दाखवून. डावीकडे जुने कलम, उजवीकडे नवे. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ आता १०३ झाले, खुनाच्या प्रयत्नाचे ३०७ आता १०९, नवऱ्याकडून आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचे ४९८-अ आता ८५. इथवर सभागृह शिस्तीत लिहून घेत होते. मग कोणाच्या तरी लक्षात आले की जुने आकडे नाहीसे झालेले नसून ते दुसऱ्याच गुन्ह्यांच्या घरी राहायला गेले आहेत, आणि तेथून पुढे शिस्त मोडली. नव्या संहितेतले ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याविषयी आहे. म्हणजे कालपर्यंत ज्या आकड्याने जन्मठेप व्हायची, त्यात आता फार तर एक वर्षाचा कारावास होतो. उलट जुने १०३ हे मालमत्तेच्या बचावासाठी काही प्रसंगी समोरच्याचा जीव घेण्याचाही हक्क देणारे कलम होते. नवे १०३ जीव घेणाऱ्याला फाशी किंवा जन्मठेप देते. बचावाची बाजू चालवणारे एक ज्येष्ठ वकील हे ऐकून खिन्नपणे म्हणाले, "म्हणजे माझा आयुष्यभराचा बचावच आता आरोप झाला."

प्रक्रियेच्या कायद्यातल्या ४८२ ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. पूर्वी '४८२ टाकू' असे म्हटले की उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारात गुन्हा रद्द करून घेण्याचा अर्ज, असे पक्षकारापासून टायपिस्टापर्यंत सर्वांना कळत असे. आता तो अधिकार ५२८ मध्ये गेला आणि ४८२ मध्ये अटकपूर्व जामीन येऊन बसला. त्यामुळे बार रूममध्ये कोणी '४८२' म्हणाले की त्याच्या वयावरून अर्थ लावावा लागतो. १४४ ने तर संसारात प्रवेश केला. जमावबंदीचे हे कलम आता १६३ झाले, आणि १४४ या क्रमांकाखाली पूर्वीच्या १२५ ची पोटगी आली. माझ्याकडे एक गृहस्थ हातात समन्स घेऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, बायकोने माझ्यावर १४४ लावले आहे. म्हणजे आता पाच जणांना घेऊन सासरी जाता येणार नाही, एवढेच ना?" त्यांना पोटगीची रक्कम समजावून सांगितल्यावर जमावबंदीच परवडली असती, असे त्यांचे मत पडले.

४२० विषयी मात्र सभागृह हळवे झाले. न्याय संहिता ३५८ वरच संपते, त्यामुळे तिच्यात ४२० ला जागाच नाही; फसवणूक कलम ३१८ मध्ये आणि तिची जुनी शिक्षा त्याच्या चौथ्या पोटकलमात जाऊन पडली आहे. आता कोणी कोणाला 'काय तीनशे अठरा चार माणूस आहे' असे म्हणेल, हे मला संभवत नाही. पण नागरिक सुरक्षा संहितेत ४२० शाबूत आहे. उच्च न्यायालयाने आरोपीची सुटका फिरवून त्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक कारावास दिला, तर त्याला सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते, असे ते कलम सांगते. इतकी वर्षे कनिष्ठ न्यायालयांत हेलपाटे घातलेल्या ४२० ने अखेर थेट दिल्ली गाठली, याचे अनेकांना समाधान वाटले.

हे सारे ऐकल्यावर एका तरुण वकील भगिनींनी अगदी रास्त प्रश्न विचारला की, जुने आकडे आता विसरून गेले तर चालेल का. प्रशिक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यांचे उत्तर असे की, १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते आणि प्रलंबित खटले जुन्या प्रक्रियेनेच चालतात. ते खटले किती वर्षे चालतील हे आपण सर्वजण जाणता. थोडक्यात, ज्या विसरण्यासाठी आम्ही सुट्टी घालवली होती, त्यालाच कायद्याची मनाई निघाली. त्यातही गंमत अशी की चोरी ३० जूनच्या रात्री साडेअकराला झाली आणि खबर १ जुलैला सकाळी दिली, तर चोरीला जुने ३७९ लागते आणि तिची प्रथम खबर मात्र नव्या १७३ खाली नोंदवली जाते. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच करणाऱ्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. चोराने अर्धा तास धीर धरला असता तर तो तुरुंगाऐवजी समाजसेवेला लागला असता. "आणि फिर्यादी झोपलेला होता, चोरी बाराच्या आधी झाली की नंतर हे त्याला सांगताच येत नाही, तर?" असे मागून कोणीतरी विचारताच साऱ्या सभागृहाचे डोळे लकाकले. प्रशिक्षकांनी सेवेत असताना हजारो वेळा दिले असेल ते उत्तर दिले : "ते पुराव्यावर ठरेल."

येथून प्रश्नोत्तरांना जो पूर आला तो जेवणाच्या सुट्टीलाही ओसरला नाही. वकील प्रश्न विचारत नाही; तो आधी वस्तुस्थिती कथन करतो, मग पूर्वपीठिका, मग आपले म्हणणे, आणि शेवटी 'याबाबत आपले काय मत आहे' असे म्हणून खाली बसतो. 'समजा एका इसमाने' अशी सुरुवात झालेल्या प्रत्येक प्रश्नातला इसम हा विचारणाऱ्याचा पक्षकार असतो आणि सोमवारी त्याचा जामीन अर्ज बोर्डावर असतो, हे सर्वांना ठाऊक असल्याने सोमवारचा विरुद्ध बाजूचा वकील ताबडतोब उभा राहून 'समजा' या शब्दावरच हरकत घेतो. अशा एका प्रसंगी प्रशिक्षकांच्या तोंडून 'हरकत नोंदवली, पुढे चला' असे निघून गेले आणि दोघेही समाधानाने खाली बसले. दिवसभरात त्यांना इतके घरच्यासारखे वाटल्याचे दुसऱ्या कोणत्याही क्षणी दिसले नाही.

दुपारचा विषय होता इलेक्ट्रॉनिक पुरावा, आणि माझ्या मते दिवसातला सर्वांत उपयोगी भाग हाच. पूर्वीचे ६५-ब चे, म्हणजे संगणक-मोबाइलमधल्या नोंदीची प्रत पुराव्यात देताना जोडायचे प्रमाणपत्र आम्हाला चांगलेच परिचयाचे होते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणले नसेल तर हे प्रमाणपत्र हवेच, असे ठणकावून सांगितले आहे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने त्यात भर घातली. प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, 'अ' भाग पक्षकाराने भरायचा आणि 'ब' भाग तज्ज्ञाने, आणि दोन्हींत त्या फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली ओळखखूण, लिहायचे. हॅश म्हणजे काय हे दाखवण्यासाठी पडद्याशेजारी बसलेल्या मुलाने संगणकावर 'साक्षीदार घरी होता' एवढी ओळ टाइप करून तिचे मूल्य काढले. अंक आणि इंग्रजी अक्षरे मिळून ६४ चिन्हांची एक लांबलचक ओळ पडद्यावर उमटली. मग त्याने वाक्याच्या शेवटी एक पूर्णविराम दिला, आणि ती ६४ चिन्हे पार बदलून गेली. आधीच्या ओळीशी नात्यागोत्याचाही संबंध उरला नाही. सभागृहात प्रथमच पूर्ण शांतता पसरली. दिवाणी बाजूचे एक वकील, जे केवळ जेवणासाठी आले होते असा आमचा समज होता, ते म्हणाले, "खरेदीखतात एका शब्दाने काय होते हे मी जन्मभर सांगत आलो, तेव्हा कोणी ऐकले नाही."

त्यानंतर साहजिकच प्रश्न आला की, 'ब' भाग भरणारा हा तज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी आणायचा कोठून. यावर अधिकृत उत्तर येण्याआधीच सर्वांच्या नजरा त्या मुलाकडे वळल्या. सकाळपासून त्याला साधी खुर्चीही कोणी विचारली नव्हती, तो एका खोक्यावर बसून होता. पाच मिनिटांत त्याच्यासमोर चहा आला, खुर्ची आली आणि मांडीवर वकिलांच्या कार्डांचा ढीग जमला. "मी फक्त प्रोजेक्टर लावायला आलो आहे," असे तो कळवळून सांगत होता. त्यावर एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून, "उलटतपासात एवढे सांगू नकोस," असा मोलाचा सल्ला विनाशुल्क दिला.

शेवटी अभिप्रायाचे अर्ज वाटण्यात आले. 'प्रशिक्षण उपयुक्त वाटले काय?' या साध्या प्रश्नाखाली माझ्या शेजाऱ्यांनी 'सदर मजकूर अंशतः कबूल असून उर्वरित मजकूर नाकबूल आहे' असे लिहिले आणि अर्जाच्या अखेरीस 'आवश्यक वाटल्यास जादा म्हणणे दाखल करण्याचा हक्क राखून' अशी ओळ टाकून लपेटदार सही केली. 'प्रशिक्षक विषयाशी सुसंगत बोलले काय?' यापुढे एकाने 'प्रश्न सूचक असल्याने हरकत' असे नोंदवले. मी सर्व रकान्यांत 'होय' लिहिले, कारण प्रमाणपत्र अर्ज दिल्यावरच मिळणार होते.

तोवर पाच वाजून गेले होते आणि एक विषय तसाच राहिला होता, तो म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४६. परिस्थिती पक्षकाराच्या आवाक्याबाहेरची असेल तर दुसऱ्या बाजूची हरकत ऐकून आणि कारणे लेखी नोंदवून न्यायालयाने फार तर दोनदा तहकुबी द्यावी, असे ते कलम म्हणते. सचिवांनी हा विषय पुढच्या दुसऱ्या शनिवारी घेऊ असे सुचवले. पण त्या दिवशी एका ज्येष्ठांना बाहेरगावी जायचे होते, म्हणून चौथा शनिवार निघाला, आणि चौथ्या शनिवारी लोकअदालतीच्या तयारीचे काम आहे अशी हरकत आल्याने तोही गेला. शेवटी तिघाचौघांनी मिळून 'जरा लांबची तारीख द्यावी' अशी तोंडी विनंती केली. प्रशिक्षकांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या, समोरच्या कागदावर काहीतरी लिहिले आणि मान वर न करता म्हणाले, "शेवटची संधी म्हणून मंजूर."